नंबर प्लेट दिसते, नंबर दिसत नाही

गेल्या दोन महिन्यांतले माझे जवळपास सगळे वीकांत एकाच कामात गेले. घरासमोरच्या गल्लीतून जाणाऱ्या गाडीचा नंबर कॅमेऱ्यात वाचता येईल असा दिसला पाहिजे. बास, एवढंच. ऐकायला किती सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. आई रोज पहाटे साडेपाचला दूध आणायला जाते. पिशवी घरी येत असली तरी तिला स्वतः जाऊन आणलेलंच लागतं. (ह्यावर आमच्याकडे पंधरा वर्षं चर्चा चालू आहे.) तर जानेवारीतल्या एका पहाटे, अजून अंधार होता, वळणावर एका गाडीचा तिला धक्का लागला. ती पडली, उजव्या मनगटाचं हाड मोडलं. गाडी क्षणभर थांबली आणि निघून गेली.

मी हापिसातल्या शहाण्यासारखा म्हटलं, "काळजी करू नका, आपल्याकडे कॅमेरा आहे!" दोन वर्षांपूर्वी मीच बसवून घेतला होता. फुल एचडी, नाइट व्हिजन, सगळं काही. रेकॉर्डिंग लावलं. आई चालताना स्पष्ट दिसली. आई पडताना स्पष्ट दिसली. गाडी पांढरी, छोटी, हेही दिसलं. आणि नंबर प्लेटच्या जागी? एक झगझगीत पांढरा चौकोन. ट्यूबलाइट लावल्यासारखा.

"झूम कर की," बाबा म्हणाले.

केलं. मोठा पांढरा चौकोन दिसला.

बाबांना मी दहा मिनिटं समजावत होतो की सिनेमात दाखवतात तसं होत नाही, जे पिक्सेल टिपलेच नाहीत ते झूम करून येत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "मग हा कॅमेरा कशासाठी लावलाय आपण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या आठवड्यात जे झालं ते सांगायला जरा लाज वाटते, पण सांगतो. गाडी वळताना दोन-तीन फ्रेम्समध्ये तो चौकोन थोडा कमी पांढरा झाला होता. मी त्या फ्रेम्स काढल्या, कॉन्ट्रास्ट वाढवला, आणि रात्री दोनपर्यंत बघत बसलो. अक्षरं काही लागेनात. शेवटच्या चार आकड्यांपैकी दोन नक्की वाटत होते. उरलेले दोन ३, ८, ६ किंवा ० ह्यांपैकी काहीही. (इंग्रजी आकडे हं, अंधुक झाले की हे चौघे सख्खे भाऊ दिसतात.) म्हणजे चार गुणिले चार, सोळा शक्यता. पण जितका जास्त वेळ बघत राहिलो, तितका मला एकच नंबर "स्पष्ट" दिसायला लागला.

शनिवारी सकाळी फिरायला म्हणून निघालो आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये डोकावत हिंडलो. तिसऱ्या सोसायटीत पांढरी छोटी गाडी, शेवटचे चार आकडे तेच, आणि डाव्या बाजूला बंपरवर ओरखडा! माझ्या छातीत धडधडायला लागलं. तिथल्या वॉचमनकाकांना विचारलं, "काका, ही गाडी कोणाची?" आवाज जरा चढलाच असणार, कारण त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"का ओ? तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची हाय. पोरगा परदेशात असतोय. महिना झाला गाडी हलली न्हाई, ब्याटरी उतरलीय." मग त्यांनी टायरकडे बोट दाखवलं. टायर चक्क बसलेला होता, आणि काचेवर धुळीचा थर.

मी वर जाऊन त्या आजींची बेल वाजवली असती तर? आकड्यांचे सोळा जुडगे खिशात घेऊन, पुण्यासारख्या शहरात पांढरी छोटी गाडी शोधत हिंडल्यावर कुठेतरी एक जुळणारच होती. ओरखडा तर काय, पुण्यात ज्या गाडीला ओरखडा नाही ती शोरूममधली! त्या दिवशी परत येताना ठरवलं की आता अंदाजाचा धंदा बंद. एकतर नंबर नीट वाचता आला पाहिजे, नाहीतर "दिसत नाही" असं सरळ म्हणता आलं पाहिजे.

मग इंजिनियरिंगची डिग्री बाहेर काढली. :-)

पहिला धडा: मेगापिक्सेल नव्हे, मीटरमागे पिक्सेल मोजायचे. घरासाठी सर्रास मिळणाऱ्या कॅमेऱ्यात २.८ मिमीची लेन्स असते. ती साधारण १०० अंशांचं दृश्य दाखवते. म्हणून तर घेताना बरी वाटते, "अख्खी गल्ली दिसते बघा!" पण आमच्यापासून १२ मीटरवर तिच्यात जवळजवळ ३० मीटर रुंदीचं दृश्य मावतं. १९२० पिक्सेल भागिले ३०, म्हणजे मीटरला ६४. मोटारीची प्लेट ५०० मिमी लांब, तिच्या वाट्याला आले ३२ पिक्सेल. नियमाप्रमाणे मोटारीच्या नंबरातल्या अक्षराची रेघ १० मिमी जाड असते, तिच्या वाट्याला पाऊण पिक्सेलसुद्धा नाही. ३ आणि ८ मधला फरक दिसणार कुठून?

"मग ४के घे," असा सल्ला मित्राने दिला. ४के मध्ये पिक्सेल चौपट असतात, पण आडव्या रेषेत दुप्पटच. रेघेला सव्वा पिक्सेल. उलट साध्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याला १२ मिमीची लेन्स लावली तर त्याच जागी फक्त सहा मीटर रुंदी दिसते, आणि रेघेला तीन पिक्सेल मिळतात. म्हणजे महाग सेन्सरपेक्षा लांबची लेन्स जास्त कामाची. मी शेवटी २.७ ते १३.५ मिमीची मोटराइज्ड व्हेरिफोकल लेन्स असलेला कॅमेरा घेतला, कारण मोबाइलवरून झूम जुळवता येतो आणि रोज शिडी काढावी लागत नाही.

दुसरा धडा: शटर. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाडीचा वेग काढायची एक युक्ती सुचली. गल्लीतल्या दोन ड्रेनेजच्या झाकणांमधलं अंतर टेपने मोजलं, १० मीटर भरलं. सेकंदाला २५ फ्रेम्स, आणि गाडीला लागल्या ३० फ्रेम्स. म्हणजे ताशी ३० किलोमीटर. ह्या वेगाला गाडी १/२५ सेकंदात ३३ सेंटिमीटर पुढे जाते. तितका वेळ शटर उघडं राहिलं तर अक्षरांचा शिरा होणारच. १/१००० ला हेच अंतर ८ मिलिमीटर होतं. त्यामुळे शटर 'ऑटो' वरून काढून हाताने ठरवायचं, १/५०० ते १/१०००.

तिसरा धडा म्हणजे तो पांढरा चौकोन. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली, आणि जुन्या गाड्यांना ती बसवण्यासाठी महाराष्ट्रात २०२५ मध्ये मुदतीवर मुदत मिळत गेली हे आपण पाहिलंच. ही प्लेट रिफ्लेक्टिव्ह असते, म्हणजे प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवते. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लेन्सभोवतीच असतात. अंधारी गल्ली बघून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि प्लेटवरून परत आलेला प्रकाश सगळं धुऊन टाकतो. शटर वेगवान केलं की हाच शत्रू मित्र होतो: बाकी सगळं काळं, आणि प्लेट तेवढी वाचण्याजोगी उजळ.

पण "बाकी सगळं काळं" म्हणजे गाडीचा रंग नाही, माणूस नाही, काहीच नाही. म्हणून जुना कॅमेरा काढला नाही. तो काय घडलं ते दाखवेल, नवा नंबर दाखवेल. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं मागितली ही माझी मूळ चूक.

बाकी बारीकसारीक: कॅमेरा गच्चीवर नको, गेटच्या खांबावर, फार उंच नाही. गाडीच्या वाटेशी कोन ३० अंशांच्या आत. समोरून हेडलाइट डोळ्यात येतात म्हणून मागची प्लेट टिपायची. नेम स्पीड ब्रेकरवर धरायचा, तिथे बहुतेक जण हळू होतात. फोकस रात्री करायचा, कारण इन्फ्रारेडमध्ये दिवसाचा फोकस सरकतो. आणि रेकॉर्डरचं घड्याळ बघा! आमचं सतरा मिनिटं पुढे होतं.

प्लेट आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर मुद्दाम घेतलं नाही. एकतर ४१४१ चं ओढूनताणून 'दादा' करणारी मंडळी अजून आहेत. दुसरं म्हणजे गल्लीतलं कोण किती वाजता घरी येतं ह्याची यादी माझ्याकडे कशाला हवी? त्या वॉचमनकाकांची नजर आठवते. समोरच्यांचं गेट चित्रातून झाकून टाकलं, रेकॉर्डिंग सात दिवसांनी पुसलं जातं, आणि शेजाऱ्यांना घरी जाऊन सांगून आलो. काही घडलंच तर मूळ फाइल हात न लावता जपायची. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार (१ जुलै २०२४ पासून लागू) प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. कॉन्ट्रास्ट वाढवून माझ्यासारखे खेळ करायचे असतील तर ते कॉपीवर.

आईला धडकलेली गाडी सापडली नाही. आता सापडणारही नाही. तिचं प्लास्टर निघालंय, पण पोळ्या अजून बाबाच लाटतात.

गेल्या शुक्रवारी पहिल्यांदा सगळं नीट जुळलं. शनिवारी सकाळी बाबांना बोलावून रात्रीचं रेकॉर्डिंग दाखवलं. काळ्याभोर पडद्यावर दहाच्या दहा अक्षरं लख्ख! बाबा खूश. "अरे, हा तर आपलाच नंबर!" रात्री साडेअकराला हापिसातून मीच परतत होतो. सहज म्हणून जुन्या कॅमेऱ्यावर त्याच दोन झाकणांमधल्या फ्रेम्स मोजल्या. चोवीस. पुन्हा मोजल्या. चोवीसच. ताशी साडेसदतीस किलोमीटर.

आईला धडकलेली गाडी तीसने जात होती.

बाबांना सांगितलं नाही. आईला मात्र सांगितलं. ती डाव्या हाताने चहा गाळत होती. म्हणाली, "मग आता हळू येत जा." आणि कप माझ्याकडे सरकवला.

सध्या वीसने येतोय. कॅमेरा आहेच बघायला.