पारड्यावरचे बोट

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी माणसे बहुधा सत्यनारायण घालतात, नाही तर काश्मीरला जाऊन येतात. आम्ही उभयता काँकला गेलो. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यातले हे डोंगरातले खेडे. गोष्ट जून २०१९ मधली. तूलूझला शिकत असलेल्या मुलीने तिथल्या एका लहानशा खाणावळवजा विश्रामगृहात तीन रात्रींचे भाडे आगाऊ भरून ठेवले होते. मोटारीतून उतरवताना तिने मला बजावले, "आई, इथं बघायचं एकच आहे. बाबांना यादी करू देऊ नकोस."

यादी हा यांचा जुना आजार. प्रवासाला निघाले की खिशात घडी घातलेला कागद असायचाच. सातला देऊळ, नऊला धबधबा, बाराला जेवण. बदामी असो की म्हैसूर, आम्ही सारे धावत पाहिले. इथे कागद काढायला जागाच नव्हती. एक मठ, त्याचे चर्च, पातळ दगडी चकत्यांनी शाकारलेल्या छपरांची घरे आणि खाली दरीत दुर्दू नदी. काँक म्हणजे शिंपला. दरीच्या आकारावरून हे नाव पडले म्हणतात. दीड तासात गाव संपले. मग आम्ही बाकावर बसलो आणि ध्यानात आले, की बोलायला काही नाही! घरी गॅसचे सिलिंडर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मुलीचा फोन एवढ्यावर आमचा संसार बोलता राहिला होता. ती तिन्ही इथे नव्हती. पहिली संध्याकाळ फार लांबली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये गेलो. ते संत फ्वा हिचे. फ्वा म्हणजे श्रद्धा. आजाँ शहरी रोमन अमलात धर्मासाठी मारली गेलेली ही कोवळी मुलगी. तिच्या अस्थी तिथून इथे आल्या त्या ८६६ साली, आणि आल्या त्या चक्क चोरून! काँकच्या एका साधूने आजाँच्या मंडळींत दहा वर्षे राहून विश्वास मिळवला आणि एके दिवशी अस्थी घेऊन तो पसार झाला, अशी कथा इथले लोक आजही न लाजता सांगतात. त्या अस्थींमुळेच गाव भरभराटीस आले. ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागोकडे पायी निघालेले यात्रेकरू सुमारे २०० किलोमीटर चालून इथे मुक्कामाला येतात, ते अजूनही. पाय सुजलेले, पाठीवर ओझे, तोंडावर ऊन, आणि तरी अनोळखी माणसाला आधी नमस्कार. हे म्हणाले, "आपल्या आषाढीच्या वाटेवरचीच माणसं ही. नुसते टाळ नाहीत."

संग्रहालयात फ्वाची मूर्ती आहे. लाकडावर सोन्याचा पत्रा मढवलेली, रत्नांनी भरलेली, आसनस्थ. उंची तीन फुटांहून कमीच. अकराव्या शतकाच्या आरंभी आंजेचा बेर्नार नावाचा विद्वान इथे आला, तेव्हा ही मूर्तिपूजा पाहून त्याला हसू आले होते. ही ज्युपिटरची मूर्ती की मार्सची, असे त्याला वाटले. पुढे त्यानेच फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहायला घेतला. फ्रेंच राज्यक्रांतीत गावकऱ्यांनी हा सारा ठेवा घराघरांतून लपवून वाचवला. मूर्तीसमोर मी नकळत हात जोडले. शेजारच्या बाईंना त्यात काही वावगे वाटलेले दिसले नाही.

चर्चच्या खिडक्यांना रंगीत चित्रे नाहीत. जवळच्याच रोदेझ गावी १९१९ साली जन्मलेले चित्रकार प्येर सुलाज यांनी १०४ खिडक्यांसाठी बिनरंगी, आरपार न दिसणारी काच मुद्दाम घडवून घेतली. उन्हाप्रमाणे ती सकाळी निळसर, तर संध्याकाळी पिवळसर होते. हे काम पुरे झाले १९९४ साली. आमचे लग्नही त्याच वर्षीचे. हे समजल्यावर यांनी घड्याळ काढून खिशात टाकले, आणि आम्ही तिथे दोन तास नुसते बसून राहिलो.

तिसऱ्या रात्री मठातले एक साधू यात्रेकरूंना महाद्वारावरचे शिल्प समजावून देत होते. प्रेमोंत्रे पंथाचे हे साधू १८७३ पासून इथे आहेत. फ्रेंच आम्हांला कळत नव्हते, पण बाराव्या शतकातले ते दगडी चित्र कोणालाही कळावे असे आहे. मधोमध ख्रिस्त, त्याच्या उजव्या हाताला स्वर्ग, डाव्या हाताला नरक, सगळी मिळून शंभरावर माणसे. स्वर्गात सगळे शिस्तीत बसलेले. नरकात मात्र भारी गर्दी आणि धांदल. ख्रिस्ताच्या पायांखाली तराजू आहे. एका बाजूला देवदूत, दुसऱ्या बाजूला सैतान, आणि सैतान हळूच एका बोटाने पारडे दाबतो आहे.

लोक हसले. हे हसले नाहीत. खाणावळीकडे परतताना म्हणाले, "पुण्याला तुझी संशोधनासाठी निवड झाली होती, ते साल कोणतं गं?"

"शहाण्णव."

"आईचं दुखणं तेवढं मोठं नव्हतं. मी ते मोठं करून सांगितलं. तू जाऊ नयेस म्हणून."

तेवीस वर्षे मला हे ठाऊक होते. यांनाही ठाऊक होते, की मला ठाऊक आहे. पण बोलले कोणी नव्हते. मी म्हटले, "मीही काही कमी केलं नाही. दर भांडणात ते पुणं न बोलता पारड्यात टाकत आले. तुम्ही एकदा दाबलंत, मी दर महिन्याला."

मग आम्ही बराच वेळ चाललो. रात्री जेवणात आलिगो होता. उकडलेला बटाटा कुस्करून, ताजे चीज घालून, तार सुटेपर्यंत घोटलेला. यांनी तो दोनदा मागून घेतला आणि औषधाची गोळी विसरले. मीही आठवण केली नाही.

सकाळी मुलगी न्यायला आली. "काय काय पाहिलं, बाबा?" हे म्हणाले, "तू सांगितलं होतंस तेवढंच."

संशोधन आता व्हायचे नाही. त्याचे वय गेले, आणि तो विषयही दुसऱ्या कोणी केव्हाच हाताळला. पण घरी आल्यावर यांनीच माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि त्या वेळच्या टिपणांच्या वह्या झटकून माझ्या टेबलावर ठेवल्या. पाने पिवळी पडली आहेत, पण बरीच कोरी आहेत. हा लेख त्यांतल्याच एका वहीत लिहिला.