मदतीचीं दोन नांवें

‘सबसिडी’ हा शब्द आमच्या पांढरपेशा घरांत ज्या सुरांत उच्चारला जातो, त्या सुरांत एरव्हीं फक्त उधार मागणाऱ्या नातलगाचें नांव घेतलें जातें. कापूस पिकविणाऱ्यास सरकारनें कांहीं दिल्याची बातमी आली, कीं चहाच्या पेल्याबरोबर तिचा निकाल लागतो : ‘कर भरावेत आपण आणि खावें यांनीं!’ असें बोलणारी मंडळी पिंपरी-चिंचवडला राहते व चाकणच्या कारखान्यांत नोकरी करते, म्हणून आम्हांस याचें विशेष नवल वाटतें.

कारण हा परिसर केवळ उद्योगपतींच्या कर्तबगारीवर उभा राहिला, असें कोणी समजूं नये. 1954 सालीं पिंपरीस पेनिसिलिनसाठीं जो कारखाना स्थापन झाला, तो सरकारी होता. 1962 सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें. त्यानें शेतकऱ्यांच्या जमिनी संपादून, रस्ते व पाणी पुरवून भूखंड आंखून दिले. 1964 पासून राज्यानें सामूहिक प्रोत्साहन योजना चालू केली. तिच्या पुढील आवृत्त्यांत मोठ्या प्रकल्पांना भरलेल्या करांपैकीं कांहीं भाग परत मिळूं लागला. यांत आम्हांस गैर कांहीं दिसत नाहीं. हजारों घरांतल्या चुली त्यावर पेटल्या आहेत. परंतु उद्योगास दिलें तें ‘प्रोत्साहन’ आणि विदर्भांत दिलें ती ‘खिरापत’, हा भेद कोणत्या व्याकरणांत बसतो?

आतां कापसाकडे वळूं. 1971 च्या कायद्यानें कापूस एकाधिकार खरेदी योजना आली व पुढील वर्षापासून ती अमलांत आली. शेतकऱ्यानें कापूस योजनेसच विकावा व त्यास हमीभाव मिळावा, अशी रचना. बाजार पडला त्या वर्षीं योजनेस तोटा झाला, तो सर्वांच्या तोंडीं आहे. पण बाहेर भाव चढला त्या वर्षीं शेजारच्या राज्यांत गाडी नेण्यास शेतकऱ्याला बंदी होती, हें कोणी सांगत नाहीं. त्या वर्षीं मदत कोणी कोणास केली? (येथें आमचे अर्थशास्त्राचे सहकारी मान डोलावतात व विषय बदलतात.) चुकारे रखडत गेले, आणि 2002 च्या सुमारास तो एकाधिकार संपला.

हमीभाव जाहीर होतो तसा हातांत पडतोच असें नाहीं. 2025-26 च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसास क्विंटलला 8110 रुपये ठरले. परंतु खरेदीकेंद्रावर ओलावा शेंकडा 12 हून अधिक निघाला, कीं माल परत. मग गाडीभाडें न परवडून शेतकरी तो व्यापाऱ्यास मिळेल त्या भावानें घालतो. त्याच 2025 च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें आयात कापसावरील शेंकडा 11 जकात उठविली व ती सवलत पुढें वर्षअखेरपर्यंत लांबविली. गिरण्यांस परदेशचा कापूस स्वस्त पडला. या सवलतीस कोणी सबसिडी म्हटल्याचें आमच्या तरी कानांवर आलें नाहीं.

आमच्या वर्गांत यवतमाळ-अकोल्याकडचीं मुलें असतात. थोरला भाऊ चाकणला कंत्राटी कामावर, बाप गांवीं कापसांत. जून आला, कीं भावाच्या पगारांतून बियाण्याच्या पाकिटांचे पैसे गांवीं जातात. अर्थशास्त्रांत याला कांहीं भारदस्त नांव असेल; मुलें एवढेंच म्हणतात, ‘दादा पाठवतो.’