वाजवीपेक्षां अधिक वेग

जें यंत्र बिघडतांच बंद पडतें, त्यास आम्ही प्रामाणिक समजतों. दुरुस्तीची वेळ आली हें तें आपण होऊन कळवितें. परंतु जें चालू राहून मधूनच खोटें उत्तर देतें, त्याची भीति बाळगावी. आमच्या घरच्या संगणकानें हा भेद आम्हांस चांगलाच पटवून दिला.

हा संगणक आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं पुण्यास असतां, डिसेंबरांत जुळविला. प्रोसेसरचा कारखान्यानें नेमलेला कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ. मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठेका देतो व प्रोसेसर त्यास एका अंकानें गुणून आपला वेग साधतो. बंधूंनीं हा गुणक ४३ वरून ४९ वर नेला. यासच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पुढें फाल्गुनांत ते नोकरीनिमित्त परप्रांतीं गेले आणि संगणक सोलापुरास आमच्याकडे आला. वैशाखांत तो दिवसांतून दोन-तीनदां निळा पडदा दाखवून बंद पडूं लागला. तेंहि सोसलें असतें; परंतु कैलासवासी आजोबांच्या छायाचित्रांच्या ज्या प्रती त्यानें दुसऱ्या डिस्कवर उतरविल्या, त्यांपैकीं दोन उघडेनात. मूळ प्रती शाबूत होत्या, म्हणून निभावलें.

“अरे, माझ्याकडे तर तो एकदांहि अडला नाहीं!” दादा फोनवर म्हणाले. तें खरेंच होतें, आणि कोड्याची किल्लीहि त्यांतच होती.

छायाचित्रांची डिस्क प्रथम काढून ठेविली व तपासणीस आरंभ केला. नियम एकच : एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. बायोसमधील सर्व मूल्यें कारखान्याच्या ठरावाप्रमाणें करतांच संगणक दोन दिवस बिनतक्रार चालला. अर्थात् दोष वाढविलेल्या वेगांतच होता. मग केवळ मेमरी तिच्या ३२०० च्या वेगास, १.३५ व्होल्टवर नेली. मेमटेस्ट ८६ प्लस रात्रभर चालवूनहि एक चूक निघाली नाहीं. मेमरी निर्दोष ठरली. शेवटीं मेमरी पूर्ववत् करून गुणक पुन्हा ४९ केला आणि भर दुपारीं प्राइम ९५ लाविला. मर्सेन मूळ संख्यांचा जो शोध १९९६ सालीं सुरू झाला, त्यासाठीं हा प्रोग्राम लिहिलेला आहे. त्याच्या परीक्षेंतील उत्तरें आधींच ठाऊक असल्यामुळें चूक तत्काळ पकडली जाते. सहाव्या मिनिटास एका कोअरचें गणित चुकलें. बाकीचे कोअर चालूच होते व पडद्यावर सर्व शांत होतें. छायाचित्रें कशीं बिघडलीं, हें त्या क्षणीं उमगलें.

कारण उष्णतेचें होतें. पंखा प्रोसेसरवर खोलींतलीच हवा सोडतो, आणि आमच्या खोलींत त्या दुपारीं ३८ अंश होते. तापलेल्या सिलिकनमध्यें संकेत पोहोंचावयास किंचित् विलंब लागतो. तत्पूर्वींच पुढचा ठेका पडला, तर चुकीचा अंक उचलला जातो. पुण्याच्या थंडींत जो वेग पेलला, तो सोलापूरच्या वैशाखांत पेलेना.

उपाय दोन होते. विद्युद्दाब १.२५ वरून १.३५ व्होल्ट करून पाहिला. परंतु उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तेवढ्यानेंच ती सुमारें १७ टक्क्यांनीं वाढते. पारा ९५ अंशांवर गेला, तेव्हां तो मार्ग सोडला. दाब पूर्ववत् करून गुणक एकेक पायरी उतरवीत ४६ वर आणिला. तेथें प्राइम ९५ एक अख्खी दुपार व एक रात्र निर्दोष चालला. मग छायाचित्रें पुन्हा उतरविलीं व प्रत्येक प्रतीचा हॅश मूळाशीं ताडून पाहिला. सर्व जुळले.

दादांस हें कळविलें तेव्हां ते क्षणभर थांबून म्हणाले, “मग माझ्या जुन्या प्रतीहि एकदां तपासून पाहा.” तें काम आम्ही सध्यां करीत आहों. ज्या विद्यार्थिबंधूंनीं हिंवाळ्यांत आपल्या संगणकाचा वेग वाढविला असेल, त्यांनीं त्याची परीक्षा वैशाखांतील दुपारीं पुन्हा एकदां अवश्य घ्यावी.