दुसरी प्रत

काळी नदीवरील १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ साली पुरे झाले. जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. आमचे मूळ गाव त्याच तालुक्यातील कुंभारवाडा. एकच ठिकाण, एकच पेटी यांवर विसंबू नये, हे त्या भागातील माणसास निराळे शिकवावे लागत नाही.

धारवाडच्या घरी आम्ही वडिलांची पत्रे, जमिनीचे उतारे आणि जुनी छायाचित्रे संगणकावर उतरवून घेतली. त्यांची प्रत रोज रात्री घरातील नेटवर्कवरून दुसऱ्या खोलीतल्या सामायिक डिस्कवर जावी, अशी चिरंजीवांनी योजना केली. महिनाभराने प्रत अर्ध्यावर तुटू लागली. संगणकाचे म्हणणे एकच : उत्तराची मुदत संपली.

मुदत वाढवावी, असे अनेकांनी सुचविले. पण ज्वर का आला हे न पाहता तापमापक दडवून काय साधणार? म्हणून प्रथम एकच मोठी फाइल पाठवून पाहिली. वेग सेकंदास ११ मेगाबाइट. अपेक्षा त्याच्या सुमारे दसपटीची. नेटवर्कच्या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगास चारही लागतात, शंभर मेगाबिटास दोन पुरतात. दाराखाली चेंगरून एक जोडी निकामी झाली होती. केबल बदलताच ८० गिगाबाइटचे दोन तासांचे काम पाव तासाच्या आत आले.

तरीही पत्रांपाशी गाडी अडेच. प्रत्येक लहान फाइल उघडणे, लिहिणे, मिटणे यांसाठी स्वतंत्र विचारणा होते. खळ्यावरून एकेक लोंबी घरी न्यावी, तशी ही गत! वर्षवार पत्रांची एकेक मोट बांधली, तेव्हा वेळ वाचला. राहता राहिली मध्यरात्री निद्रिस्त होणारी डिस्क. ती जागी होईपर्यंत संगणकाचा धीर सुटे. तिची झोप बंद केली.

आता एक प्रत गोव्यास ताईकडेही असते. परंतु प्रत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ती उघडते का, हे पाहावे. दर महिन्यास आम्ही प्रतीतून वडिलांचे एक पत्र काढतो आणि आईस मोठ्याने वाचून दाखवितो. तिची दृष्टी आता अधू झाली आहे. अक्षर मात्र तिला पाठ आहे.