चालणं पाऊण भाकरीचं, वाट गडाची

आमच्या दिंडोरीत पहाटे चालायला निघणाऱ्या बायकांत सरळ दोन पक्ष आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. दिवसातून दोनदाच जेवायचं, जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत उरकायचं, पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं आणि मधल्या वेळात तोंड बंद. ही कल्पना मुळात डॉ. श्रीकांत जिचकारांची, दीक्षितांनी ती घरोघर पोचवली. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा. थोडं थोडं, वेळच्या वेळी, आपल्या मातीतलं खा आणि उपाशी राहू नका. डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगून वजन उतरवायला लावलं, तेव्हा मी दोन्ही पक्षांचं मन लावून ऐकलं. मला पडलेला प्रश्न मात्र वेगळाच होता. ज्या दिवशी अंग मोडून मेहनत होते, त्या दिवशी चार घास जास्त खायचे की नाही?

घरात याचं उत्तर ठरलेलं होतं. चालून आले की सासूबाई म्हणायच्या, “एवढी पायपीट करून आलीस, अर्धी तरी घे गं.” त्यांचं आयुष्य बागेत गेलेलं. काम करणाऱ्याच्या ताटात जास्त पडलं पाहिजे, हा त्यांचा न्याय, आणि तो मला आजही पटतो. फक्त काम किती झालं ते आधी बघायला हवं.

म्हणून स्वयंपाकघरात काटा आणला आणि त्यांच्या हातच्या एका भाकरीचं पीठ तोललं. परातीत बाजरीचं पीठ, वर त्यांची मूठ, काट्यावर आकडा 80 ग्रॅम. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण 350 कॅलरी, म्हणजे एका भाकरीत 280. आता चालण्याचा हिशेब. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चाललं की अंगाच्या दर किलोमागे, नुसतं बसून राहण्यापेक्षा, अर्धी कॅलरी किंवा जराशी जास्त खर्च होते. माझं वजन तेव्हा 76 किलो. द्राक्षबागांमधल्या रस्त्यानं 5 किलोमीटर जाऊन आले की दोनशेच्या आत-बाहेर. पहाटेची सगळी चाल पाऊण भाकरीत संपते. वरून घेतलेल्या अर्ध्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची धार आली की त्या दिवशीच्या चालण्यातलं वजनाच्या कामी काही उरत नाही. साखरेला, हृदयाला, सांध्यांना चालण्याचा फायदा होतोच, तो कुठे जात नाही. पण काट्यावर काही हलत नाही.

सासूबाईंना मी हे आकड्यांत सांगितलं नाही. पीठ तोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग रोजच्याएवढंच खा. वरणाची वाटी मात्र कमी करू नको.” ही दुसरी गोष्ट फार मोलाची निघाली. खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ते टिकवायला प्रथिनं लागतात. साध्या तब्येतीच्या माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस सांगते. वजन उतरवणाऱ्याला त्याहून जास्तच लागतात. मी भाकरी एकावर आणली. मटकी, उडदाचं वरण, दही आणि अंडी वाढवली.

रविवारची गोष्ट आणखी वेगळी. नाशिकहून कितीतरी मंडळी आमच्या तालुक्यातल्या रामशेजवर येतात. आशेवाडीवरून चढायला सोपा किल्ला, पण 1682 पासून मोगली फौजांना त्यानं वर्षानुवर्षं दाद दिली नाही. पोरांना तिथं नेलंच पाहिजे. गड उतरला की पुढचा मुक्काम मिसळीवर, हाही आता रिवाज झाला आहे. तर्रीची मिसळ, तीन पाव, पापड, शेवटी जिलेबी. गडावर जेवढं जळलं त्याच्या दुप्पट ताटात येतं. मिसळ मलाही जिवापाड आवडते आणि मी ती खाते. मात्र ती मिसळ म्हणून खाते, व्यायामाची भरपाई म्हणून नाही. मनगटावरच्या घड्याळाचा आकडा बघून खाणाऱ्यांनाही हेच सांगेन. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये अशी सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरीच्या आकड्यात सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं.

आता खऱ्या मेहनतीचा दिवस. नवरात्रात आमच्याकडून सप्तशृंगगडाला पायी जातात. दिंडोरी, वणी, नांदुरी, पुढे घाट आणि शेवटी पायऱ्या. चाळीसेक किलोमीटरची वाट. तोच हिशेब इथं लावला तर चढाई न धरताही दीड हजार कॅलरीच्या पुढे जातो, म्हणजे पाच-सहा भाकऱ्या. त्यात बहुतेकींचा उपवास. वजन उतरवायला निघालेल्या बाईला वाटतं, एवढं चालतेय, खातही नाही, दोन किलो तरी उतरतील. मी गेले तेव्हा ठरवून उलट केलं. आदल्या रात्री भगर आणि दाण्याची आमटी पोटभर जेवले. वाटेत दर दीड-दोन तासांनी केळं, राजगिऱ्याचा लाडू, मीठ-साखरेचं पाणी. साबुदाण्याची खिचडी सेवेकरी आग्रहानं देतात, ती प्रसादापुरती घेतली, कारण साबुदाण्यात प्रथिनं नावालाच. वणीच्या पुढे कितीतरी जणी रस्त्याच्या कडेला बसलेल्या दिसल्या, तोंडं सुकलेली. माझे पाय दुखत होते, पण घेरी आली नाही.

घरी आल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. त्या रात्री भूक जवळजवळ नव्हती, ती कडाडून लागली दुसऱ्या दिवशी दुपारी. दमछाक झाल्यावर काही काळ भूक मरते आणि मग उसनं फेडून घेते. दुसरी गोष्ट काट्याची. त्यानं वजन चक्क वाढलेलं दाखवलं. ती चरबी नव्हे. ताणलेले स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात आणि साठ्यातली साखर परत भरताना तिच्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी शरीरात येतं. चार-पाच दिवसांत ते ओसरलं. त्या काळात घाबरून जेवण तोडलं असतं, तर आठवडाभर अंगात त्राण राहिलं नसतं.

हा शहाणपणा बागेत रोज दिसतो. सुरगाणा, पेठकडून द्राक्षाच्या कामाला येणाऱ्या बाया ऑक्टोबरच्या छाटणीपासून मांडवाखाली हात वर करून राबतात. उजाडायच्या आत नागलीची भाकरी पोटात असते आणि फडक्यात दुपारची बांधलेली. त्यांना कुणी ‘कमी खा’ म्हणणं हा अन्याय आहे. आणि तासभर फिरून आलेल्या मी त्यांच्याएवढं खाणं हाही शरीराशी केलेला खोटा व्यवहारच. वेलीला खत-पाणीसुद्धा अवस्था बघून देतात. मणी फुगताना जेवढं लागतं तेवढं रोज दिलं तर बाग पानांनीच माजते.

तेव्हा माझा निवाडा असा. तासाभराच्या चालण्याला, योगासनांना, अंगणातल्या व्यायामाला ताटात वेगळं काही वाढायचं नाही. भूक लागलीच तर ताक, काकडी, वाटीभर मटकी. मेहनत तीन-चार तासांच्या पुढे जाणार असेल, तर त्या दिवशी वजन उतरवायचा विचार बाजूला ठेवायचा आणि आदल्या रात्री, वाटेत आणि दुसऱ्या दिवशी नीट जेवायचं. तूट काढायची ती आठवड्याच्या हिशेबात, एका दिवसात नव्हे.

आणि गडाला जाणाऱ्या माझ्या मधुमेही बहिणींना हात जोडून सांगणं आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर उपवास आणि पायी वारी एकत्र करण्याआधी डॉक्टरांना विचारा, डोस त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि पिशवीत साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच बसा आणि ती साखर खा.