सूर्याकडे तोंड करून बसलेली शाळा

लेहहून मनालीच्या रस्त्याला लागले, की पंधराएक किलोमीटरवर शे गाव लागते. लडाखची ही जुनी राजधानी. टेकडीवर राजवाड्याचे पडके अवशेष, खाली विलो आणि पॉप्लरच्या रांगा, पलीकडे सिंधूचे रुंद पात्र. जून-जुलैत मुंबई-पुण्याच्या सहलींच्या गाड्या इथे हमखास थांबतात. राजवाडा बघून झाला, की गाडीतून एकच प्रश्न येतो, ‘रँचोची शाळा कुठे आहे?’ २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ने या शाळेला अशी काही प्रसिद्धी दिली, की तिचे खरे नाव ‘ड्रुक पद्मा कार्पो’, म्हणजे पांढरे कमळ, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसते. सिनेमातली भिंत बघायची, फोटो काढायचा आणि परत फिरायचे.

खरे तर बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे या इमारतींची दिशा. २००१ मध्ये लहान मुलांचे वर्ग सुरू झाले, तेव्हापासूनच इथल्या वर्गखोल्या थेट दक्षिणेला नाहीत. दक्षिणेपासून सुमारे तीस अंश पूर्वेकडे वळवलेल्या आहेत. कारण साधे आहे. मुले सकाळी येतात. रात्री पारा शून्याखाली गेलेला असतो आणि पहिल्या तासाला बोटे वळत नाहीत. म्हणून सकाळचे पहिले ऊन मोठ्या काचांतून थेट वर्गात आले पाहिजे. वसतिगृहांचे मात्र उलटे. तिथे मुले रात्री झोपतात, म्हणून त्या इमारती नेमक्या दक्षिणेकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांच्या जाड भिंतीला बाहेरून गडद रंग आणि पुढे थोडी फट ठेवून काच. दिवसभर भिंत तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू आतल्या खोलीत सोडते. स्वच्छतागृहेसुद्धा कोरडी, पाण्याचा थेंब न मागणारी. त्यांच्या मागचा गडद पत्रा उन्हात तापतो, आतली हवा गरम होऊन वर निघून जाते आणि वास तिच्याबरोबर जातो. आदल्या रात्री हॉटेलच्या गिझरला पाणी पुरेसे गरम नाही म्हणून कुरकुरलेल्या पाहुण्याने हे जरूर बघावे.

आपल्याकडे ‘ऊर्जा म्हणजे काय?’ असे विचारले, की मुले ‘कार्य करण्याची क्षमता’ असे घडाघडा म्हणून दाखवतात. पण ही क्षमता दिसते कुठे, असे विचारले की बहुतेकांचे बोट दिव्याच्या बटणाकडे जाते. ऊर्जा म्हणजे वीज, एवढेच समीकरण. लडाखी मुलाचा अनुभव निराळा असतो. गोवऱ्या कुणी गोळा करायच्या, बुखारीत किती सरपण घालायचे, उन्हातल्या भिंतीला पाठ टेकून कुठे बसायचे, हे त्याला पुस्तक हाती येण्याआधीच कळते.

काळ्या रंगाचेही तसेच. झंस्कारमध्ये शेतकरी शरद ऋतूत माती साठवून ठेवतात आणि वसंताच्या तोंडावर शेतातल्या बर्फावर पसरतात. गडद माती ऊन पिते आणि बर्फ लवकर विरघळते. हे पाहिलेल्या मुलाला वसतिगृहाची गडद भिंत वेगळी समजावून द्यावी लागत नाही. पुढे हिमनद्यांवर बसणाऱ्या काजळीचा धडा आला, की तोही त्याच धाग्यात ओवला जातो.

अवघड भाग याच्या पुढे आहे. हाच सूर्य वर्ग गरम करतो, म्हणून तो चांगला. मग तोच डोंगरावरचे बर्फ खात असेल, तर तो वाईट कसा? सात-आठ वर्षांच्या मुलासाठी हे मोठेच कोडे आहे. सूर्य पूर्वीइतकाच आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून निघणाऱ्या वायूंची गोधडी मात्र पृथ्वीभोवती जाड होत चालली आहे आणि आतली ऊब बाहेर जाईनाशी झाली आहे, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. जगभरच्या मुलांचा इथे गोंधळ होतो. ओझोनच्या थराला भोक पडले म्हणून उष्मा वाढला, असे कितीतरी मुले सांगतात. रस्त्यावर कचरा टाकल्याने पृथ्वी तापते, असेही सांगतात. एका दिवसाची थंडी म्हणजे हवा आणि तीस वर्षांची सरासरी म्हणजे हवामान, हा फरक तर मोठ्यांच्याही ध्यानात राहत नाही. लडाखची मुले याला अपवाद असण्याचे कारण नाही. शिवाय पूर्वी त्यांच्या पुस्तकांत नारळाची झाडे आणि धो-धो पाऊस असे. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या लेहमध्ये तो धडा शिकवणार तरी कसा?

धो-धो पाऊस शेने पाहिला तो ऑगस्ट २०१० मध्ये. ५ तारखेच्या रात्री लेहच्या आसपास ढगफुटी झाली. चिखल आणि दगडांच्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. या शाळेच्या आवारातही चिखल शिरला. कोणत्याही एका ढगफुटीवर हवामानबदलाचा शिक्का लगेच मारता येत नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण ज्या घराचे मातीचे छप्पर पावसासाठी बांधलेलेच नाही, त्या घरातल्या मुलाला आकाशात काळा ढग दिसला की काय वाटत असेल, याचे उत्तर शास्त्राकडे मागायचे नसते.

पाण्याचा हिशेब मात्र मुलांना नीट कळतो. एप्रिल-मेमध्ये जवाची पेरणी असते. वरच्या हिमनद्यांचे पाणी भरात यायला जून उजाडतो. मधले आठवडे कोरडे. लडाखच्या चेवांग नोर्फेल या अभियंत्याने १९८७ पासून कमी उंचीवर ‘कृत्रिम हिमनद्या’ रचल्या त्या यासाठीच. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पहिला बर्फाचा स्तूप उभा केला. वरच्या ओढ्याचे पाणी नळातून खाली आणायचे. उंचीच्या दाबाने ते उभ्या नळातून कारंज्यासारखे उडते आणि रात्रीच्या थंडीत थिजते. पंप नको, वीज नको. शंकूचा आकार असल्याने बर्फ पुष्कळ, पण उन्हाला सापडणारा पृष्ठभाग थोडा. म्हणून तो टिकतो आणि पेरणीच्या दिवसांत वितळून शेताला येतो.

अर्थात बर्फाचा स्तूप हिमनदी परत आणत नाही. तो हिवाळ्यात वाहून जाणारे पाणी वसंतापर्यंत अडवून धरतो, इतकेच. इथल्या मुलांना ‘साठवण’ हा शब्द नवा नाही. गावात झिंग नावाचे छोटे तळे असते. रात्रभर त्यात पाणी जमते आणि सकाळी ते पाटाने शेतात सोडतात. कोणाच्या शेताला किती वेळ, हे चुरपोन ठरवतो. तो गावाने नेमलेला पाण्याचा कारभारी. पेरणीच्या दिवसांत घरची माणसे पाटावर असतात आणि पोरेही मागोमाग जातात. ओंजळीएवढी माती हलवून पाट एका शेतातून दुसऱ्यात वळवला जातो, आणि पाणी जोरात आले की मंद, हे थोरांच्या आधी त्यांनाच दिसते.