मन वळवणारे, मन वळलेले
(‘ज्युलियस सीझर’ पुन्हा वाचताना केलेली टिपणे)

•

नाटकाला नाव सीझरचं, पण तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात तो मरतो. पुढे जवळजवळ अर्धं नाटक त्याच्याशिवाय चालतं. शेक्सपिअरने १५९९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आणलं तेव्हा प्लुटार्कची चरित्रं त्याच्या हाताशी होती, टॉमस नॉर्थने १५७९ मध्ये इंग्रजीत आणलेली. खून कुणी, कधी केला हे लोकांना ठाऊकच होतं. माणसं एकमेकांना त्या खुनापर्यंत कशी घेऊन गेली, हे त्याला दाखवायचं होतं. आणि दर वाचनात मला एकच गोष्ट अधिक ठळक दिसते: इथे ज्याचं मन वळतं, त्याने आपलं दार आधीच किलकिलं ठेवलेलं असतं.

•

सीझरविरुद्ध कट रचणारा कॅशियस आपल्या मित्राला, ब्रूटसला, काय काय सांगतो! सीझर टायबर नदीत बुडू लागला होता, मी त्याला वाचवलं. स्पेनमध्ये तापाने तो थरथरत होता. ब्रूटसवर याचा फारसा परिणाम होत नाही, कारण हेवा त्याच्या स्वभावात नाही. रोमचे चांगले लोक तुझ्याकडे आशेने बघताहेत, हे मात्र त्याला लागतं.

मग रात्री खिडकीतून चिठ्ठ्या पडतात. नागरिकांच्या वाटाव्यात अशा, वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या, पण सगळ्या कॅशियसच्याच. त्यातली एक ब्रूटस बागेत वाचतो. मजकूर तुटक आहे, वाक्यं अर्धवट सोडलेली आहेत, आणि गाळलेल्या जागा ब्रूटस स्वतःच भरतो. कॅशियसला पूर्ण पत्र लिहावंच लागलं नाही. उरलेलं पत्र ब्रूटसने लिहिलं.

•

त्याच बागेतलं ब्रूटसचं स्वगत. ते निष्कर्षापासून सुरू होतं: सीझर मेलाच पाहिजे. कारणं नंतर येतात. माझं त्याच्याशी वैयक्तिक वैर नाही, असं तो म्हणतो. सीझरच्या भावना त्याच्या विवेकावर स्वार झालेल्या मी पाहिल्या नाहीत, हेही मान्य करतो. म्हणजे घडलेला अपराध एकही नाही. मुकुट मिळाला तर तो बदलेल, या शक्यतेलाच शिक्षा आहे. प्रामाणिक माणूस स्वतःची समजूत कशी घालतो, हे इतक्या थोड्या ओळींत दुसऱ्या कुणी दाखवलेलं माझ्या वाचनात नाही. विश्वासघाताची पहिली पायरी मित्राच्या घरापासून दूर, इथे बागेत, एकट्याने चढली जाते.

•

मार्चच्या १५ तारखेची सकाळ. कॅल्पर्नियाने स्वप्नात सीझरच्या पुतळ्यातून शंभर धारांनी रक्त वाहताना पाहिलं आहे. सीझर घरीच थांबायचं ठरवतो. न्यायला आलेला डेशियस त्याच स्वप्नाचा अर्थ उलटा लावतो: रोम तुमच्या रक्तातून नवं जीवन घेणार आहे. मग भर घालतो: आज सिनेट मुकुट देणार आहे, आणि बायकोच्या स्वप्नाला भिऊन राहिलात तर लोक हसतील. सीझर निघतो.

आदल्या रात्री डेशियसनेच साथीदारांना यातली खोच सांगितलेली असते. सीझरला खुशामत आवडत नाही असं त्याला सांगितलं, की तो सर्वांत जास्त खूश होतो.

इतिहासात या माणसाचं नाव डेसिमस ब्रूटस. गॉलच्या मोहिमेत तो सीझरच्या हाताखाली आरमाराचा सेनापती होता, आणि सीझरच्या मृत्युपत्रात पर्यायी वारसांमध्ये त्याचं नाव होतं. हा तपशील शेक्सपिअरने घेतला नाही. नाटकातला सगळा घाव त्याने एकाच ब्रूटसच्या हातात ठेवला.

•

खुनानंतरची, चौकातली दोन भाषणं. ब्रूटस गद्यात बोलतो, सीझरचा मित्र अँटनी पद्यात. ब्रूटसचं बोलणं तोलून मापून केलेलं, स्वच्छ आहे. पण ते संपताच गर्दीतून ओरड होते, की यालाच सीझर करा. ज्या कारणासाठी खून झाला ते लोकांपर्यंत पोचलंच नाही, आणि ब्रूटसला ते ऐकू येऊनही जाणवत नाही. अँटनीचं ऐका, एवढं सांगून तो निघून जातो. आपण खरं बोललो म्हणजे काम झालं, असं त्याला वाटतं.

अँटनीने कटवाल्यांना दोष न देण्याचं वचन दिलं होतं, आणि शब्दशः तो ते पाळतो. त्यांना पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो, आणि दर वेळी शेजारी सीझरची एखादी कृती ठेवतो. तुलना लोकांनी करायची. मृत्युपत्र दाखवतो आणि वाचणार नाही म्हणतो. वाचायचा हट्ट लोकांनी धरायचा. खाली उतरून प्रेताभोवती त्यांचं कडं करतो. सीझरच्या झग्यातल्या एकेका भोकावर बोट ठेवून हा कॅशियसचा वार, हा कास्काचा, हा ब्रूटसचा, असं सांगतो.

आणि अँटनी वार होताना तिथे नव्हताच! कटातल्या ट्रेबोनियसने त्याला आधीच बाजूला नेलं होतं. कोणता वार कुणाचा हे त्याला कळणं शक्य नाही, आणि गर्दीतला एकही जण ते विचारत नाही.

•

मृत्युपत्रात प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा आणि टायबरकाठच्या बागा दिलेल्या आहेत. लोक पेटून उठतात. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला तेच मृत्युपत्र अँटनी मागवून घेतो, देणग्यांत काटछाट कशी करता येईल ते बघायला. त्याच बैठकीत मारायच्या माणसांच्या यादीत तो स्वतःच्या भाच्याच्या नावापुढे खूण करतो.

या दोहोंच्या मध्ये एक छोटा प्रवेश आहे. सिना नावाचा कवी रस्त्यात सापडतो. मी कटातला सिना नव्हे, असं तो सांगतो, तरी जमाव त्याला फाडतो. तापवलेल्या मनाला माणूस ओळखायचा नसतो. हा प्रवेश कधी कधी प्रयोगातून गाळतात. माझ्या मते नाटकाचा कणा इथेच आहे.

•

कॅशियसवर मला अन्याय करायचा नाही. अँटनीलाही मारा, असं त्याने म्हटलं. त्याला बोलू देऊ नका, असंही म्हटलं. पुढे युद्धात फिलिपायवर चाल करून जाऊ नका, शत्रूला आपल्याकडे येऊ दे, हेही त्यानेच सांगितलं. तिन्ही वेळा त्याचंच बरोबर होतं, आणि तिन्ही वेळा ब्रूटसपुढे तो नमला. खोट्या चिठ्ठ्या लिहिणारा हा माणूस मित्रापुढे मात्र निरुपाय होतो. तंबूतल्या भांडणात ब्रूटस त्याला लाचखोर ठरवतो, आणि माझ्या सैन्यासाठी पैसे का पाठवले नाहीस, असं त्याच दमात विचारतो. स्वच्छ हातांचा खर्च कुणीतरी दुसऱ्याने भागवायचा, ही अपेक्षा त्याला टोचतही नाही.

•

२५ नोव्हेंबर १८६४. न्यूयॉर्कमध्ये बूथ घराण्यातल्या तीन भावांनी मिळून हे नाटक केलं. सेंट्रल पार्कमधल्या शेक्सपिअरच्या पुतळ्यासाठी निधी उभारायचा होता. अँटनीची भूमिका जॉन विल्क्स बूथकडे होती. पाच महिने व्हायच्या आत त्याने लिंकनवर गोळी झाडली.

१६ डिसेंबर १९७७. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात शेक्सपिअरच्या समग्र नाटकांची एक प्रत कैद्यांमध्ये फिरत होती. सॉनी वेंकटरत्नम या कैद्याने पहारेकऱ्यांना धर्मग्रंथ वाटावा म्हणून तिला दिवाळीच्या भेटकार्डांचं आवरण चढवलं होतं. नेल्सन मंडेलांनी तिच्यात याच नाटकातल्या एका उताऱ्याशेजारी सही केली. भित्रे मरणाआधी अनेकदा मरतात, या अर्थाचे सीझरचे ते शब्द आहेत.

नाटक एकच. एकाने त्यातून खंजीर उचलला, दुसऱ्याने धीर. वाचणाऱ्याच्या मनात आधी काय होतं, त्यावर ते ठरलं.

•

शेवटच्या अंकात ज्यांचं मन कुणीही वळवलेलं नाही अशी माणसं दिसतात. ल्युसिलियस स्वतःला ब्रूटस म्हणवून शत्रूच्या हाती लागतो, म्हणजे ब्रूटस निसटावा. टिटिनियस मेलेल्या कॅशियसच्या डोक्यावर हार ठेवतो आणि त्याच्याच तलवारीने मरतो. तलवार धर, असं ब्रूटस मित्रांना विनवतो तेव्हा क्लिटस, डार्डेनियस, वॉल्युम्नियस नकार देतात. त्या नकारात अपार माया आहे.

मरण्यापूर्वी ब्रूटस समाधानाने म्हणतो, की आयुष्यात मला एकही बेइमान माणूस भेटला नाही. ज्याने आपल्या सर्वांत जवळच्या मित्रावर वार केला, त्याला हे भाग्य लाभलं. सीझरला ते लाभलं नव्हतं. ब्रूटसने निष्ठा वाहिली ती रोमच्या एका कल्पनेला, आणि त्या कल्पनेत त्याची स्वतःची उजळ प्रतिमा मिसळलेली होती. कॅशियसच्या हाती लागली ती तीच प्रतिमा. तत्त्वनिष्ठ माणसाने हे नाटक वाचावं ते यासाठी: आपल्याला कुणी आपल्याच चांगुलपणाचं नाव घेऊन हाक मारू लागलं, की तिथे थांबावं आणि समोरच्या जिवंत माणसाने खरोखर काय केलं आहे, ते आधी विचारावं.